बंबातला साड्यांचा कप्पा

हैदराबादेत आजवर जेवढ्या आगी विझल्या, त्यातल्या निम्म्या पाण्याने विझल्या असतील आणि उरलेल्या निम्म्या आमच्या नंदाव्यांच्या बोलण्याला कंटाळून आपण होऊन विझल्या असतील, असं माझं ठाम मत आहे. नंदावे म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेचे यजमान. घराणं त्यांचं इथलं जुनं, पिढ्यानपिढ्या कचेरीत नाहीतर कोर्टात बसणारं. त्या घरातला हा मुलगा एक दिवस घरी येऊन म्हणाला, मी फायरमन झालो. त्यांचे वडील म्हणे तोंडातला पानाचा विडा न चावता तसेच बसून राहिले. वकिलाच्या घरात बंबवाला, हे नातेवाइकांना पुढे कितीतरी वर्षं पचलं नाही. नंदाव्यांना मात्र त्याचं काही नव्हतं. ते फायरमनचे स्टेशन ऑफिसर झाले, केस पांढरे झाले, पण आग म्हटली की चेहऱ्यावर जो भाव येई, तो आपल्याकडे जावयाचं नाव निघाल्यावर काही सासऱ्यांच्या चेहऱ्यावर येतो तसा. राग असतो, पण सवयीचा.

त्यांच्या घरी देवापुढे निरांजन लावायचं तर आधी शेजारी पाण्याची बादली भरून ठेवायची, मग वात. उदबत्तीला तांब्या, समईला बादली, आणि दिवाळीत अंगणात पिंप. वन्सं म्हणतात, आमच्या देवघरात देव कमी आणि बादल्या जास्त. लग्नकार्यात मंगलाष्टकं चालू असली की सगळे नवरानवरीकडे बघतात, नंदावे दारं बघत असतात. माझ्या लेकीच्या लग्नात मांडववाल्याने मागच्या दाराशी खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. ह्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि ऐन 'सावधान'च्या वेळी एकेक खुर्ची उचलून बाहेर नेऊ लागले. लग्नाच्या व्हिडिओत आजही दिसतं, पुढे अंतरपाट खाली येतोय, लेक लाजतेय आणि मागून एक गृहस्थ डोक्यावर खुर्ची घेऊन शांतपणे चाललेत. माझ्या मुलाने कुकटपल्लीला उंचावर फ्लॅट घेतला तेव्हा सगळे गॅलरीतून दिसणारे दिवे बघत राहिले. हे गायब. शोधाशोध झाली. बऱ्याच वेळाने धापा टाकत दारात आले. अख्खा जिना उतरून पुन्हा चढून आले होते. म्हणाले, "जिना चांगला आहे. बाकी घर ठीक."

अशा माणसाला खात्याने सांगितलं की तुमच्या स्टेशनला नवी गाडी येणार आहे, आणि तीही मापाने बांधून घ्यायची आहे. मग काय विचारता. तोवर त्यांच्या स्टेशनात पाण्याचा जुना बंब तेवढा होता. माणसं सोडवायची हत्यारं, लोखंड कापायची ती मोठी कात्री, दोर, शिड्या, ती दुसऱ्या गाडीतून दुसरीकडून यायची, आणि आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. नव्या गाडीत पाणी आणि सुटकेचं सामान दोन्ही एकाच अंगात असणार होतं. रेस्क्यू पंपर म्हणतात तिला. आपण ब्लाउज मापाने शिवायला टाकतो तशी ती एका लांबच्या कारखान्यात टाकायची होती, कारण तयार मिळतात त्या गाड्या रुंद रस्त्यांच्या. त्यातली एखादी गौलीगुड्याच्या गल्लीत शिरली तर तिला तिथेच खोली भाड्याने घेऊन राहावं लागेल. गाडीत काय काय हवं ते सांगणाऱ्या मंडळींत नंदाव्यांना घेतलं होतं, आणि त्या दिवसापासून हा माणूस जमिनीवर राहिला नाही.

वन्संनी कपडे वाळत घालायची काठी शोधली की ती घरात नसायची. नंदावे ती छातीशी आडवी धरून गौलीगुड्यात फिरत असायचे. गाडीच्या रुंदीची काठीवर खूण करून घेतली होती. स्वतः गाडी व्हायचे. कोपरा आला की आधी बाहेरच्या बाजूला जायचे, मग गाल फुगवून हळूहळू आत वळायचे. काठी भिंतीला लागली की थांबायचे, मागे यायचे, पुन्हा वळायचे. वन्सं भाजीची पिशवी घेऊन मागून चालायच्या. "पुढून चाललं की धडक बसते हो वहिनी," असं मला म्हणाल्या होत्या. एकदा मीही होते बरोबर. मसाल्याच्या दुकानापुढे फळीवर लाल मिरच्यांचे ढीग मांडलेले. दुकानदार चाचा ओळखीचे झाले होते. "क्या साब, आज फिर गाड़ी लेके आ गए?"

"हौ चाचा. जरा ये तख़्ता अंदर लेलो."

"गाड़ी तो दिखरी नै साब. तख़्ता कैकू हटाऊँ?"

"जब दिखेगी तब टैम नै रहता चाचा."

चाचांनी क्षणभर त्या काठीकडे पाहिलं, आणि खरंच मिरच्यांसकट फळी आत ओढून घेतली. नंदावे त्या जागेतून अलगद निघून गेले. मागे वळून चाचांना हात केला. मला तेव्हा, शपथेवर सांगते, असं वाटलं की काहीतरी मोठं, लाल, शांत असं आमच्या अंगावरून वारा घालत पुढे गेलं.

संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर आम्ही बसायचो तेव्हा ते त्या न आलेल्या गाडीबद्दल बोलायचे. एरवी सगळ्यांना हुकूम सोडल्यासारखं बोलणारा माणूस, तेव्हा आवाज अगदी खाली यायचा. "कप्प्याचं दार उघडलं की आत दिवा आपोआप लागणार, वहिनी. फ्रिजसारखा. धुरातसुद्धा हात बरोबर वस्तूवर जाईल." लांब कुठेतरी अजान व्हायची, गच्चीवरच्या टाक्या काळ्या होत जायच्या, आणि मला समोरच्या ढगांत चाकं दिसायला लागायची. पंक्तीत बसले की भाताची गाडी करून तिच्या टाकीत वरण ओतायचे आणि लोणच्याची फोड दिव्याच्या जागी ठेवायचे. वाढणारी ताटकळायची, कारण टाकी फोडेपर्यंत पुढचा भात घेता यायचा नाही.

पण सगळ्यात नवल पुढेच आहे. त्या मंडळींत कुणी जास्त जोराचा पंप मागितला, कुणी दूरवर प्रकाश टाकणारे दिवे मागितले. नंदाव्यांनी एकच हट्ट धरला, डाव्या बाजूला, चालकाच्या पाठीमागे, कमरेच्या उंचीवर एक कोरडा कप्पा. कशासाठी? तर साड्यांसाठी. बाकीच्यांना वाटलं, इतकी वर्षं धगीत काढली, डोक्यावर परिणाम झाला. आम्हा नातेवाइकांनाही वाटलं, कारण मग हा माणूस ज्याच्यात्याच्याकडे जुन्या साड्या मागू लागला. मुंजीत, बारशात, तेराव्याच्या जेवणातसुद्धा. "एखादी जुनी सुती साडी आहे का? सिंथेटिक नको, ती अंगाला चिकटते." आणि दिलेली साडी तशीच घ्यायची नाही. पदरातला एक धागा ओढायचा, बादलीवर धरायचा आणि काडी लावायची. नुसती राख झाली तर सूत. टोकाला कडक मणी झाला तर साडी परत. माझी एक साडी, दुकानदाराने डोक्यावर हात ठेवून शुद्ध सुती म्हणून दिलेली, तिचा ह्यांनी मणी करून दाखवला. मी दुसऱ्या दिवशी तो मणी कागदात गुंडाळून दुकानात नेला. तो दुकानदार त्यानंतर मला बघून आतल्या खोलीत जाऊ लागला, ते वेगळं.

कारण मला वन्संनी सांगितलं, एका दुपारी वालपापडी सोलताना. लग्न व्हायच्या आधीची गोष्ट, नोकरीत नवीन असतानाची. गौलीगुड्यात एका घराला आग लागली होती. वरच्या मजल्यावर एक बाई अंघोळीला गेलेली. खिडकीत आली. हे शिडीवर, हात लांब केला की पोचेल एवढ्यावर. तिने खाली बघितलं तर सगळी गल्ली माणसांनी भरलेली, सगळ्यांच्या माना वर. तिने ह्यांना हातानेच खूण केली, आत्ता आले, आणि साडी आणायला आत गेली. ती पुन्हा खिडकीत आली नाही. वन्संनी एवढंच सांगितलं आणि शेंगांचं टोपलं उचलून आत गेल्या. मी घरी येऊन कपाट उघडलं आणि चार साड्या बाजूला काढल्या.

तर पुढे गाडी आली. कप्पा अगदी मागितला होता तसा होता. आमच्या घरातल्या बायकांनी त्या गाडीचं येणं इतकी वर्षं ऐकलं होतं, की ती आली तेव्हा सून आल्यासारख्याच आम्ही सगळ्या स्टेशनात पोचलो. स्टेशनातल्या मंडळींनी आरशांना आंब्याचे डहाळे बांधले होते, चाकांखाली लिंबं ठेवली होती. चालक यादगिरी कोहळ्यावर कापूर पेटवून गाडीवरून ओवाळणार, तर नंदावे आग विझवायचं नळकांडं हातात घेऊन त्याच्या मागे मागे.

"सार, देवुडु के सामने भी?" यादगिरी म्हणाला. देवुडु म्हणजे देव.

"देवुडु के सामनेच ज़्यादा जलता, यादगिरी."

वन्संनी गाडीची ओटी भरायला घेतली. खण, नारळ, तांदूळ सगळं आणलेलं. पण ओटी घ्यायला पदर कुठला? सगळ्या गाडीभोवती फिरून बघितलं. शेवटी यादगिरीने गळ्यातला टॉवेल काढून गाडीच्या नाकापुढे पसरला आणि तिच्या वतीने ओटी घेतली. लाजला बिचारा, पण वन्संना वाकून नमस्कारही केला. मग आम्ही धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून आणलेल्या साड्या कप्प्यात रचल्या. नंदाव्यांनी मायेने दार लावलं, पुन्हा उघडलं, आतला दिवा लागला, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"हा वास कसला?"

"डांबरगोळ्या," मी म्हटलं, आणि वर अभिमानाने म्हटलं, "प्रत्येक घडीत दोन दोन घातल्यात. कसर लागायला नको."

"वहिनी," ते म्हणाले, "ह्या पेटतात."

आता आम्ही आयुष्यभर ट्रंकांत, कपाटांत, शालूंत गोळ्या घालत आलेल्या बायका. आगीच्या गाडीत पेटणारी वस्तू आपण हाताने घडी घडीत ठेवली, हे ऐकून सगळ्यांची तोंडं एवढीशी झाली. नंदावे रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. वास जाईपर्यंत साड्या वाऱ्याला टाकायच्या ठरल्या. स्टेशनात पाण्याच्या नळ्या वाळत टाकायचा उंच मनोरा असतो. फायरमन भराभर वर चढले आणि एकेक साडी वरून खाली सोडली. माझी निळी, जाऊबाईंची मोरपंखी, सासूबाईंच्या वेळच्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा, विहीणबाईंची पिवळी. तेवढ्यात मैदानात गाडीच्या पाण्याची परीक्षा सुरू झाली. नळीच्या तोंडातून पाण्याचं नुसतं धुकं निघालं, त्यात ऊन शिरलं, आणि त्या धुक्यापलीकडे उंचावरून आमच्या साड्या सावकाश फुगत होत्या, मिटत होत्या, पुन्हा फुगत होत्या. यादगिरी टॉवेलमधला नारळ पोटाशी धरून वर बघत उभा होता. मला वाटलं, मेल्यावर माणूस जिथे जात असेल तिथे दारात असंच काहीतरी वाळत घातलेलं असेल.

आणि नेमके वरचे साहेब आले. चांगला, कामाचा माणूस होता, पण त्याला बोलावलं होतं गाडी बघायला, आणि दिसल्या साड्या. "ये क्या है?" त्यांनी विचारलं. नंदाव्यांनी मनोऱ्याकडे बघत कप्प्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी कप्पा उघडून बघितला, मोकळी जागा बघितली. हत्यारांच्या बॅटऱ्या ठेवायला जागा कमी पडत होतीच. वयाचा मान ठेवून म्हणाले, "आपके रिटायर होते तक रहने दो. बाद में यहाँ बैटरियाँ रखेंगे."

निवृत्ती जवळच आली होती. तेव्हापासून नंदाव्यांची जी अवस्था झाली ती मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. कप्पा राहायचा तर तो एकदा तरी कामाला यायला हवा. कामाला यायचा तर कुठेतरी आग लागायला हवी, कुणीतरी बाई अडकायला हवी. रोज संध्याकाळी देवापुढे बसायचे, बादली शेजारी, हात जोडलेले, आणि तसेच उठायचे. वन्संनी विचारलं, काय मागितलंत? तर म्हणाले, "मला काही मागताच येत नाही गं." गाडी बाहेर पडायची, झाडात अडकलेली घार सोडवून यायची, पाणी तुंबलेल्या तळघरातून माणसं काढून यायची. कप्प्यात परत रचलेल्या साड्या जशाच्या तशा. परत आले की चेहऱ्यावर आनंद आणि त्याच्याखाली काहीतरी, आणि त्या काहीतरीची त्यांना लाज वाटायची.

शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, आमच्या विद्यानगरच्या गल्लीत, आमच्या समोरच्याच इमारतीत जिन्याखालचे विजेचे मीटर पेटले. जिना धुराने भरला. बहुतेक मंडळी कामावर होती, उरलेली आपली आपली उतरली. दुसऱ्या मजल्यावर एक तेलुगू मास्तरीणबाई राहतात, त्या तेवढ्या राहिल्या. अंगावर ओला परकर, खांद्यावर पंचा, गॅलरीच्या दाराआड उभ्या. खाली सगळी गल्ली जमलेली आणि निम्म्यांचे मोबाइल वर. गाडी आली, शिडी लागली, आणि बाई दाराआडून म्हणाल्या, "नेनु रानु." मी येणार नाही. मागून धूर येत होता आणि त्या मान हलवत होत्या, नाही, नाही.

नंदावे गाडीतून उतरले. वर बघितलं. मी माझ्या गॅलरीतून त्यांचं तोंड बघितलं आणि मला कळलं की त्यांना ही खिडकी माहीत आहे. पण आवाज मात्र नेहमीचाच निघाला. "मोबाइलां नीचे. मुँह उधर फिराओ सब लोगां." यादगिरीने कप्पा उघडला. एक तरुण फायरमन खांद्यावर साडी टाकून शिडी चढला, गॅलरीपाशी पोचल्यावर डोळे घट्ट मिटून साडी पुढे धरली आणि तसाच उभा राहिला. खाली बाकीच्यांनी साड्या उलगडल्या, बाईकडे पाठ केली आणि गॅलरीसमोर दोन्ही हातांनी वर धरल्या, अंतरपाट धरतात तशा. साड्या जास्त, हात कमी. मी कशी खाली पोचले मला आठवत नाही, पण एक टोक माझ्या हातात होतं. उन्हाच्या बाजूला तोंड करून उभे होतो आम्ही, आणि कापडातून ऊन गाळून येत होतं, रस्त्यावर निळं, पिवळं, हिरवं पडत होतं. समोरच्या गर्दीतले मोबाइल एकेक करून खाली गेले. एक रिक्षावाला आला आणि माझ्या शेजारचं टोक धरून पाठ करून उभा राहिला. मागे शिडी कुरकुरली. एकेक पायरी ऐकू येत होती. मग नंदाव्यांचा आवाज आला, "आ गए अम्मा. बस. आ गए."

मी वळून बघितलं तेव्हा बाई गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या, कशीबशी गुंडाळलेली पण अंगभर साडी नेसून, आणि पाणी पीत होत्या. नंदावे गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले होते, नळी गुंडाळायला. ते काम त्यांचं नव्हतं.

साहेबांना काही सांगावं लागलं नाही. बॅटऱ्या सीटखाली गेल्या. आणि मास्तरीणबाईंनी साडी धुऊन, खळ घालून, इस्त्री करून स्टेशनात परत आणली. पण साडी रिकामी कशी परत करायची, म्हणून तिच्यावर आणखी एक नवी सुती साडी, ब्लाउजपीस आणि नारळ. मग त्यांच्या शाळेतल्या बाकीच्या बायकाही एकेक घेऊन आल्या. यादगिरीने फोन करून विचारलं, "सार, धागा जलाके देखना क्या सब का?"

आता नंदावे घरी असतात. सकाळी फिरायला जातात, साधे, काठीशिवाय. लग्नाला येतात, दारं बघतात, पण कुणाकडे काही मागत नाहीत, आणि आम्हा बायकांनाच चुकल्यासारखं होतं. परवा मीच एक साडी घेऊन गेले. मऊ, धुऊन धुऊन जुनी झालेली, खरी सुती. गच्चीवर बसलो होतो. त्यांनी ती हातात घेतली, घडी उलगडली, बोटांनी चाचपली. धागा ओढला नाही.

"नको वहिनी," ते म्हणाले. "कप्पा भरलाय आता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा एकच हवी होती."

अंधार पडत होता. त्यांनी साडीची परत घडीवर घडी घातली, जुन्याच दुमडींवर, काळजीने, आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्हीच नेसा," म्हणाले. "जांभळी आहे, नाही का? छान दिसेल तुम्हाला." इतक्या वर्षांत कुणाच्याही साडीचा रंग त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.